टेप नेमका कधी बंद पडतो?

पाडव्याचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त साधून गाडीत नवा टेप बसवून घेणारे कोल्हापुरात पुष्कळ जण भेटतील. दुकानासमोर उभ्या गाडीत तो झकास वाजतो. टोमॅटो एफएम 94.3 वर लागते, मोबाइल ब्लूटूथला जोडला जातो, पैसे चुकते होतात. शाहूपुरीतून निघून कावळा नाका गाठेपर्यंत पडदा काळा पडलेला असतो. दोन सेकंदांनी कंपनीचे चिन्ह पुन्हा झळकते, गाणे सुरू होते आणि पुढच्या चौकात परत तेच. गाडी वळवून दुकानात नेली की उत्तर येते, “सेटच खराब निघाला बघा मालक, दुसरा लावून देतो.” दुसरा लावला जातो. तोही बंद पडतो.

दुसराही बंद पडला की सेटवरचा संशय सोडून द्यावा. नव्या कोऱ्या सेटमध्ये दोष असू शकतो, पण लागोपाठ दोन सेट एकाच तऱ्हेने बिघडणे अवघड. दोष बहुतेक वेळा सेटच्या पाठीमागे असतो, डॅशबोर्डच्या अंधारात, टेप गुंडाळलेल्या एखाद्या जोडात. तो शोधायला डॅशबोर्ड लगेच उसकटायची गरज नाही. आधी एका प्रश्नाचे नीट उत्तर मिळवायचे: तो कधी बंद पडतो? सेल्फ मारताना, आवाज वाढवल्यावर, हेडलाइट लावल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर, की पंधरा मिनिटे वाजल्यावर? ती वेळ नेमकी सांगता आली की अर्धे निदान झाले. इतके महत्त्वाचे हे उत्तर कारागीर विचारत नाही आणि मालकही आपणहून सांगत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. दोघांचाही दिवस त्यात वाचला असता.

सेट चालू राहायला तीन वायरी लागतात. पिवळी वायर बॅटरीतून थेट येते आणि तिच्यात चोवीस तास करंट असतो. सेटचा मुख्य पुरवठा याच वायरीतून होतो आणि घड्याळ, स्टेशने, आवाजाची मांडणी यांची आठवणही तीच राखते. लाल वायर चावीतून येते. ती फक्त “आता जागा हो” एवढा निरोप देते आणि तिच्यातून फार थोडा करंट वाहतो. काळी वायर म्हणजे अर्थिंग. गाडीची लोखंडी बॉडी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असते, म्हणून सेटमधून बाहेर पडलेला करंट काळ्या वायरीने बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीत परततो. करंटला जायला वाट लागते तशी परतायलाही लागते आणि या परतीच्या वाटेकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

सेटच्या बाजूचे हे रंग बहुतेक कंपन्या पाळतात. गाडीच्या बाजूचे रंग मात्र ज्या त्या गाडीचे वेगळे. सेटची लाल वायर गाडीच्या लाल वायरीला जोडून मोकळे होणे हा या धंद्यातला सर्वांत महाग पडणारा आळस आहे. गाडीच्या बाजूला रंग पाहू नये, मीटर लावावा. आणखी एक सांभाळायचे. डॅशबोर्डमध्ये पिवळ्या नळीत किंवा पिवळ्या कपलरमध्ये जाणारी जोडणी एअरबॅगची असते. तिला मीटरही लावायचा नाही आणि टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही.

गाडीत रेडिओ वाजवताना करंट पुरवण्याची अडचण पहिल्यापासून आहे. 1930 मध्ये शिकागोच्या पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी मोटारीसाठी विकता येईल असा रेडिओ बाजारात आणला. मोटोरोला हे नाव तिथून सुरू झाले. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला शंभरहून जास्त व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी असे सहा व्होल्टची. म्हणून वेगळ्या कोरड्या बॅटऱ्या गाडीत कुठेतरी दडवाव्या लागत. आज 12 व्होल्टमध्ये सगळे भागते. सेट बसवायची खाचही ठरलेल्या मापाची आहे, 180 बाय 50 मिलिमीटर, किंवा मोठ्या पडद्यासाठी तिच्या दुप्पट उंचीची. मापे एक झाली म्हणून घरच्या घरी सेट बसवणे सोपे वाटते. पण आत खाच एक असली तरी वायरिंग एक नसते.

आता वेळेकडे येऊ. चावी फिरवून सेल्फ मारला आणि तेवढ्यापुरता सेट बंद होऊन परत लागला, तर हा दोष नव्हे. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना इग्निशन स्विच स्वतःच लाल वायरीचा पुरवठा तोडतो, म्हणजे बॅटरीची सगळी ताकद इंजिन फिरवायला मिळते. पण परत लागताना घड्याळ शून्यावर आले, स्टेशने पुसली गेली, तर पिवळ्या वायरीलाही पुरवठा मिळत नाही असे समजावे. निरोगी बॅटरी उभ्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे 13.8 ते 14.4. सेल्फ मारताना ती 10 च्या आसपास घसरते. थकलेली असेल तर त्याहून खाली, आणि मग सेट सर्वस्वी मान टाकतो. दिव्यांचा उजेड सेल्फ मारताना फारच मंदावत असेल तर सेट सोडून बॅटरी तपासावी.

दर वेळी चावी काढल्यावर सेट सगळे विसरत असेल, तर जवळजवळ नक्कीच पिवळी आणि लाल वायर अदलाबदल झाली आहे, किंवा दोन्ही चावीच्या पुरवठ्यावर जोडल्या आहेत. आयएसओ कपलरमध्ये चौथी पिन कायम पुरवठ्याची, सातवी चावीची आणि आठवी अर्थिंगची. पण फोक्सवॅगन गटाच्या काही जुन्या गाड्यांत चौथी आणि सातवी उलट असतात. म्हणूनच बाजारात मिळणाऱ्या अनेक जोडवायरींवर लाल आणि पिवळ्या वायरीच्या मध्ये ओढून काढता येणारे छोटे जोड दिलेले असतात. ते उलटेसुलटे करून लावले की काम दोन मिनिटांत होते. कारागिराला हे माहीत नसेल, तर तो अख्खा कपलर कापून वायरी पिळतो. त्यानंतर ती गाडी कधीच पूर्वीसारखी होत नाही. कपलर कापू द्यायचा नाही, एवढे तरी मालकाने ठामपणे सांगावे. गाडीच्या मॉडेलसाठी तयार जोडवायर मिळते आणि सेटच्या किमतीच्या मानाने तिचा खर्च किरकोळ असतो.

आवाज वाढवला की बंद, कमी केला की चालू, ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार. थोडे खोलात जायचे ते इथेच. डब्यावर “50 वॅट गुणिले 4” असे छापलेले असते. तो आकडा क्षणभराचा असतो. 14.4 व्होल्टच्या पुरवठ्यावर चार ओहमच्या स्पीकरला सेट सलग 20 वॅटच्या आसपासच देऊ शकतो. चार स्पीकर म्हणजे 80 वॅट. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उष्णता म्हणून वाया जाणारा भाग त्यात मिळवला की बॅटरीकडून 9-10 अँपिअर ओढले जातात. सेटच्या पाठीवर 10 किंवा 15 अँपिअरचा फ्यूज असतो तो याच हिशेबाने. 10 चा लाल, 15 चा निळा. ढोलकीचा किंवा ढोल-ताशाचा ठोका आला की ही मागणी एकदम उसळते. वाटेत कुठे 0.2 ओहमचा अडथळा असेल, तर 10 अँपिअरला तिथेच 2 व्होल्ट खर्ची पडतात. सकाळी एक नळ पूर्ण सोडला की दुसऱ्याची धार बारीक होते, तसेच हे. सेटला मिळणारा दाब त्याच्या किमान मर्यादेखाली गेला की तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. बंद झाल्याबरोबर मागणी संपते, दाब पूर्ववत होतो, सेट परत लागतो. पडदा लुकलुकत राहतो तो या फेऱ्यामुळे.

हा अडथळा कुठून येतो? एक म्हणजे सिगारेट लायटरच्या किंवा दुसऱ्या कसल्या तरी बारीक वायरीतून घेतलेला पुरवठा. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दोन मीटर धावली की तिच्यात 10 अँपिअरला 0.7 व्होल्ट जातात. स्वस्त वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर याहून जास्त. पण मोठा गुन्हेगार असतो अर्थिंगचा स्क्रू. कारागीर काळी वायर सेटच्या मागच्या पट्टीला किंवा डॅशबोर्डमधल्या जवळच्या नटाला गुंडाळतो. त्या पट्टीवर रंग असतो. कधी ती पट्टी बॉडीला टेकलेलीही नसते, फक्त प्लास्टिकला आवळलेली असते. अशा वेळी करंट एरियलच्या वायरीतून परततो. कमी आवाजात तेवढ्यावर भागते, म्हणून दुकानासमोर सेट वाजतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्यावा आणि तो 20 व्होल्ट डीसीवर ठेवावा. काळे टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर धरावे. बॉनेटपासून डॅशबोर्डपर्यंत पुरेल अशी लांब वायर त्यासाठी जोडून घ्यावी लागते. लाल टोक सेटच्या मागच्या काळ्या वायरीत खुपसावे. सेट बंद असताना आकडा 0.00 दिसेल आणि त्यावर विश्वास ठेवून लोक चुकतात. आता सेट लावावा, आवाज मध्यम ठेवावा आणि ठोका असलेले गाणे लावावे. चांगल्या अर्थिंगवर आकडा 0.1 च्या आतबाहेर हलतो. रंगावर आवळलेल्या स्क्रूवर तोच आकडा प्रत्येक ठोक्याला 0.8, 1.3, 1.9 असा उडी मारतो आणि तिथेच सेट बंद होतो. मग तो स्क्रू काढायचा, खालचा रंग कानस किंवा पॉलिश पेपरने घासून पांढरे लोखंड उघडे पाडायचे, वायरीला गोल लग चांगला दाबून बसवायचा आणि दातेरी वॉशर घालून आवळायचे. परत तेच गाणे लावले की आकडा जेमतेम 0.05 वर थरथरतो. आवाज कितीही वाढवला तरी सेट हलत नाही. हा फरक एकदा मीटरवर पाहिलेला माणूस अर्थिंग पुन्हा कधी हलक्यात घेत नाही.

हीच कसोटी पिवळ्या वायरीलाही लावता येते: लाल टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर, काळे पिवळ्या वायरीवर. रिकाम्या वायरीवर मोजलेले 12 व्होल्ट मात्र काही सांगत नाहीत, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी तो 12 दाखवतो. मीटर चालवायचा नसेल, तर हेडलाइटचा जुना 55 वॅटचा बल्ब सेटच्या जागी पिवळ्या आणि काळ्या वायरीत धरावा. तो साडेचार अँपिअर ओढतो. थेट बॅटरीवर पेटतो तेवढाच लख्ख इथे पेटला तर वाट मोकळी आहे, पिवळट पेटला तर कुठेतरी अडथळा आहे. बल्ब क्षणात तापतो, कापडाने धरावा.

हेडलाइट लावला की सेट बंद, ही तक्रार ऐकायला विचित्र आणि कारण मात्र ठरलेले. डॅशबोर्डचे दिवे आणि पार्किंगचे बल्ब ज्या वायरीवर असतात, ती दिवे बंद असताना बल्बच्या तारांमधून बॉडीला जोडलेली असते. टेस्ट लॅम्प लावला की ती अर्थिंग असल्याचेच सांगते. कारागीर तिलाच सेटची काळी वायर जोडतो. दिवसा सगळे ठीक. सांजवेळी रंकाळ्यावरून निघताना दिव्याचा स्विच दाबला की त्याच वायरीत 12 व्होल्ट येतात, परतीची वाट बंद होते आणि सेट मरतो. इलाज एकच, काळी वायर तिथून काढून बॉडीला नेणे. म्हणून अर्थिंग तपासताना दिवे चालू करून एकदा आणि बंद ठेवून एकदा, असे दोनदा तपासावे.

लावल्यावर तीन-चार सेकंदांत दर वेळी न चुकता बंद होत असेल, कधी पडद्यावर प्रोटेक्ट असा शब्दही येत असेल, तर पुरवठ्याकडे न पाहता स्पीकरकडे पाहावे. आजच्या सेटमध्ये स्पीकरची एकही वायर अर्थ नसते. धन आणि ऋण या दोन्ही वायरींवर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे साधारण 6-7 व्होल्ट असतात आणि आवाजासाठी त्या एकमेकींच्या उलट हलतात. त्यांपैकी एक बॉडीला टेकली की सेट ताबडतोब स्वतःला बंद करतो. जुन्या गाड्यांत कधी दोन्ही स्पीकरची ऋण वायर एकत्र करून बॉडीला जोडलेली असे. जुना टेप काढून त्याच वायरींवर नवा लावला की हा प्रकार हमखास होतो. शिवाय मागच्या ट्रेवरच्या स्पीकरची वायर सीटच्या रुळाखाली चिरडलेली असते, दाराची वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीत तुटून उघडी पडलेली असते. तपास सोपा आहे. स्पीकरचा कपलर पूर्ण काढून फक्त पुरवठ्यावर सेट लावून पाहावा. टिकला तर दोष स्पीकरच्या वायरींत. मग एकेक वायर आणि बॉडी यांच्यात मीटर ओहमवर धरावा. काहीही दिसता कामा नये. एका स्पीकरच्या दोन वायरींत मात्र साडेतीन-चारच्या आसपास आकडा यावा. दोनच्या खाली आला तर एका चॅनेलला दोन स्पीकर जोडले आहेत किंवा आतले वेटोळे जळाले आहे. सेटची निळी वायरही याच वेळी पाहून घ्यावी. ती एरियलला किंवा बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला निरोप देण्यापुरती असते. उघडी राहून पट्टीला टेकली तरी सेट बंद पडतो.

दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडून थोड्या वेळाने आपोआप बरा होणारा सेट बहुतेक करून तापलेला असतो. अँड्रॉइडचे मोठे पडदे आवाज बंद ठेवूनही दोन-तीन अँपिअर ओढतात आणि मे महिन्यात काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीत त्यांची भट्टी होते. पाठीमागे उरलेल्या वायरींचा बोळा कोंबलेला असतो तो काढून खाली पसरला तरी पुष्कळदा काम होते.

कोल्हापूरचा म्हणून एक खास प्रकार आहे, पावसाचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी गाठते, मग 43 फुटांची धोका पातळी, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांत जी धावपळ उडते ती इथे प्रत्येकाने पाहिली आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि परत 2021 च्या जुलैमध्ये पाणी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्लीपर्यंत आले आणि रस्त्यावरच्या असंख्य गाड्या त्यात उभ्या होत्या. इंजिन दुरुस्त झाले, सीट वाळल्या, गाड्या परत धावू लागल्या. पण गालिच्याखाली, पायाजवळच्या पॅनेलमागे अर्थिंगचे बोल्ट असतात. तिथे शिरलेले पाणी वायरीच्या धाग्यांतून वर चढते आणि तांबे हिरवे, काळे पडत जाते. वर्षाने-दोन वर्षांनी मालक नवा सेट बसवतो आणि खापर सेटवर फुटते. पुरात न गेलेल्या गाडीतही एसीच्या पाण्याची नळी तुंबली की तेच घडते. गगनबावड्याच्या बाजूला रोज जाणाऱ्याने पावसाळा संपताना पायाखालचा गालिचा एकदा उचलून हात लावून पाहावा. ओल असेल तर त्याखालचा बोल्ट सोडून, घासून, थोडे ग्रीस लावून परत आवळावा. खड्ड्यात आदळल्यावर बंद पडणारा सेटही याच कुळातला, फक्त तिथे गंजाऐवजी पिळून टेप लावलेला सैल जोड असतो. उन्हात टेपचा डिंक विरघळतो आणि जोड सुटतो. सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवणे, किंवा दाबून बसवणारे जोड वापरणे, हाच त्यावर टिकाऊ उपाय.

अलीकडच्या अनेक गाड्यांत चावीची लाल वायरच नसते. चावी फिरली, दार उघडले, स्टिअरिंगवरचे बटण दाबले, हे सगळे निरोप दोन बारीक वायरींतून आकड्यांच्या भाषेत जातात आणि कॅन बसचा एक छोटा डबा ते वाचून सेटला 12 व्होल्ट देतो. डबा चुकीच्या मॉडेलचा असेल, किंवा सेटच्या मेनूत गाडीचा प्रकार चुकीचा निवडला असेल, तर सेट मनाला येईल तेव्हा झोपतो आणि उठतो. वायरी तपासून दमण्याआधी मेनू पाहावा.

या सगळ्यात एक आडवाट फार लोकप्रिय आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही. सेट टिकत नाही म्हणून कारागीर लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळतो आणि दोन्ही बॅटरीवर जोडतो. सेट लगेच स्थिर होतो. पण आता चावी काढली तरी त्याला झोपायचा निरोप मिळत नाही. पडदा बटणाने बंद केला, तरी आतले काम चालू राहते आणि एक अँपिअरच्या आसपास करंट वाहत राहतो. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-अवरची. दीड दिवसात ती रिकामी. शनिवारी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी गोकुळ शिरगावला कामावर जायच्या वेळी सेल्फ घेत नाही आणि नव्या बॅटरीचा खर्च पडतो. दुसरी वाईट सवय फ्यूजची: 10 चा फ्यूज दोनदा उडाला म्हणून 30 चा टाकणे. मग फ्यूज उडत नाही, आतली वायर तापते आणि तिच्यासोबत शेजारचा सगळा जुडगा.

योग्य वाट जवळच असते. फ्यूज बॉक्समध्ये चावी पहिल्या टप्प्यावर आणल्यावर जिवंत होणारी जागा मीटरने शोधावी. त्या जागेत बसणारा दुहेरी फ्यूजचा जोड ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. लाल वायर त्यावर घ्यावी, पिवळी कायम पुरवठ्यावरच ठेवावी. काम करण्याआधी बॅटरीचे ऋण टर्मिनल काढावे आणि शेवटी लावताना तिथेच एक मोजमाप करावे. गाडी बंद, चावी खिशात, दारे लॉक करून अर्धा तास गेला की मीटर अँपिअरवर ठेवून ऋण टर्मिनल आणि त्याची वायर यांच्या मध्ये धरायचा. मीटर मधे असताना सेल्फ मारायचा नाही आणि दार उघडायचे नाही. सगळ्या गाडीचा मिळून आकडा 50 मिलिअँपिअरच्या आत असावा, त्यात सेटचा वाटा जेमतेम पाच-दहाचा. शंभराच्या पुढे दिसला तर सेटचा फ्यूज काढून पाहायचे. आकडा खाली आला, तर लाल वायर अजून चुकीच्या जागी आहे.